छत्र्यांचा हंडा

शेवटची शिट्टी वाजली आणि वेदरबी कॉलेजची अख्खी फुटबॉल टीम मैदान तुडवत समोरच्या बाकाकडे धावली. रीतच होती तशी. मिल क्रीकला हरवलं, की त्यांच्या बाकापुढचा तांब्याचा हंडा हिसकावून डोक्यावर घ्यायचा. कधीकाळी सफरचंदाचा मुरांबा शिजवलेला, कडेवर जिंकल्या सालांचे आकडे कोरलेला. तो कुणी द्यायचा नसतो, घ्यायचा असतो.

प्रेक्षकांतला लोवेल होस्टेटलरही कठडा ओलांडून निघाला. वय पंच्याहत्तर, बुटांच्या नाड्यांना सकाळपासून दुहेरी गाठ. वेदरबी याआधी शेवटचं जिंकलं त्याला चोपन्न वर्षं झाली, तेव्हा तो टीममध्ये होता. पण शेवटच्या झटापटीत खांदा निखळला, आणि बाकीच्यांनी हंडा नाचवला तेव्हा हा अँब्युलन्समध्ये. "पुढच्या वर्षी उचलीन," म्हणाला होता. ते पुढचं वर्ष आज उजाडलं.

बाकापुढे हंडाच नव्हता.

मिल क्रीकचा कोच टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "आणायचा राहिला हो. इतकी वर्षं आमच्याकडेच. द्यावा लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मग आहे कुठे?"

"आर्डिसच्या हॉटेलात. छत्र्या ठेवतो आम्ही त्यात."

"छत्र्या," लोवेलची बायको वर्ना म्हणाली. "ऐकलंस ना? चल, गाडी काढ."

मग काय विचारता. पुढे टीमची बस, मागे ट्रकवर उभा राहून वाजवणारा बँड, त्यामागे मोटारींची माळ. दुतर्फा मेपलची झाडं लालेलाल, जणू त्यांनीही वेदरबीची लाल जर्सी घातलेली. मिल क्रीकच्या वेशीपाशी बँडमधल्या पोरींनी गाणं जुळवलंसुद्धा:

तांब्याचा हंडा, लाल लाल कडा,
मिल क्रीकवाल्यांनो, दार उघडा

दार उघडंच होतं. रेडिओवर निकाल ऐकून आर्डिसबाईंनी छत्र्या काढून हंडा लख्ख घासला होता. "घ्या बाबा," त्या लोवेलपुढे हंडा धरून म्हणाल्या.

लोवेलने दोन्ही हात पाठीमागे नेले. "असा नको, बाई. हातात दिलेला हंडा जिंकलेला धरत नाहीत."

बँड थांबला. आर्डिसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्या नाड्यांच्या गाठींकडे पाहिलं, आणि आत वळल्या. "उठा रे सगळे. बाक बाहेर घ्या."

गिऱ्हाइकं ॲपल-पायच्या बश्यांसकट बाहेर आली. गाड्या लावायच्या जागेच्या त्या टोकाला बाक मांडून ओळीनं बसली. हंडा पुढ्यात.

"तोंडं पाडा," आर्डिसबाई दटावत म्हणाल्या. "हरलोय आपण. हॅरोल्ड, चघळणं थांबव."

या टोकाला टीम उभी होती. कप्तान बाजूला झाला. "आजोबा, आधी तुम्ही."

लोवेल धावला. गुडघे करकरले, टोपी उडाली, पोरं आरोळ्या ठोकत मागे. हंड्याचा एक कान त्याने धरला, दुसरा आर्डिसबाईंनी.

"फुकट देईन होय?"

"मागतंय कोण?"

हिसका बसला. हंडा वर गेला, सूर्य त्याच्या बुडावर चमकला, आणि जुन्या खांद्यानं दगा दिला. हंडा उलटा होऊन थेट लोवेलच्या मानेपर्यंत बसला. बँडनं संधी साधून पुन्हा सूर धरला. लोवेल आंधळाच गिरक्या घेत नाचू लागला.

"वर्ना," आतून घुमलं, "दिसतोय का गं मी?"

"हंडा दिसतोय," डोळे पुसत वर्ना म्हणाली. "नाच तू."