दारामागची फळी

आमच्या नेमबाजी क्लबच्या कँटीनमध्ये दारामागे एक फळी आहे. तिच्यावर शिशाच्या चेपलेल्या गोळ्या खिळ्यांनी ठोकल्यात आणि प्रत्येकीखाली एक नाव आहे. काडतुसात दारू भरायची राहिली की नुसती टोपी फुटते आणि गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. मग ते काडतूस ज्यानं भरलं, त्यानंच सगळ्यांसमोर सळई आणि हातोडी घेऊन ती ठोकून बाहेर काढायची आणि फळीवर आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं. तेवीस नावं आहेत. त्यात दोन डॉक्टर, एक पाद्री, आणि आमचा पंच ओस्मार वायगांत याचं नाव तर तीनदा. एकेचाळीस वर्षांत एल्विओ ग्रिनोव्हेरो हे माझं नाव तिथं लागलं नव्हतं, आणि हे मी दर रविवारी कुणाला ना कुणाला ऐकवायचो. खोटं कशाला बोलू, ऐकवायला मजा यायची.

क्लबचा दुसरा रिवाज असा की आपलं काडतूस आपण भरायचं आणि आपणच मारायचं. दुसऱ्यानं भरलेलं कुणी आपल्या पिस्तुलात घालत नाही. माझी मुलगी मिर्ना तेवढी अपवाद. ती पाराना शहरात शाळेत रसायनशास्त्र शिकवते, चौतीस वर्षांची आहे, तिला स्वतःला उत्तम भरता येतं. तरी पंधरा वर्षं तिची काडतुसं मीच भरत आलो. तिची आई गेल्यावर आमच्या दोघांत बोलायला दुसरं उरलं होतं काय? मंगळवारी तिचा फोन यायचा, किती भरू, कोणती गोळी, झटका जास्त लागला का, आणि असं करत अर्धा तास निघायचा. ओस्मार मला चिडवायचा, "एवढी घोडी झाली पोरगी, अजून घास भरवतोयस तिला." मी म्हणायचो, "तुझ्यासारखं तीनदा फळीवर नाही ना जायचं तिला."

जुलैमध्ये पारानाच्या डॉक्टरनं माझे हात पालथे धरायला लावले, बोटं उघडझाप करायला लावली, आणि मग एक लांबलचक नाव सांगितलं. मी ते घरी येईपर्यंत विसरलो. हाताचा कंप वाढत जाणार, एवढं लक्षात राहिलं. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, म्हणून मिर्नाला म्हणालो, थंडीनं थरथरतात. ऑक्टोबर आला, झाडांना पालवी फुटली, तरी मी थंडीच सांगत होतो. तिला खरं कळलं असतं तर पहिल्यांदा तिनं माझं काडतुसं भरणं बंद केलं असतं. आणि मंगळवारचा फोन? तो कशासाठी केला असता तिनं, माझी तब्येत विचारायला? असल्या फोनचा मला तिटकारा आहे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी राष्ट्रीय संघाची शेवटची निवड होती, तीही आमच्याच मैदानावर. पहिल्या सहा जणींना संघात जागा. गेल्या वर्षी मिर्ना सातवी आली होती, तीही एवढ्याशा फरकानं. या वर्षी ती आधीच्या दोन निवड-स्पर्धांनंतर पाचवी होती. तिला अडीचशे काडतुसं हवी होती; स्पर्धेला दीडशे पुरतात, बाकीची राखीव.

मी आठवडाभर भरत होतो. काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा खाली ओढला की एका रिकाम्या पितळी पुंगळीत टोपी बसते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, सगळं एकाच ओढीत. म्हणून दांडा कधी अर्ध्यात थांबवायचा नाही. थांबलाच तर यंत्राच्या फिरत्या तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढायच्या, रिकाम्या करायच्या आणि नव्यानं सुरुवात करायची. हे मी स्वतः पुठ्ठ्यावर लिहून बाकासमोर भिंतीला चिकटवलंय, मिर्ना शिकत होती तेव्हा. पण आता माझा हात दर दहा-पंधरा ओढींमागे दांड्यावरून सुटायचा. दर वेळी सगळं काढत बसलो असतो तर डिसेंबर उजाडला असता. मी हात धरून थांबायचो, श्वास घ्यायचो आणि दांडा तिथूनच पुढे ओढायचो. पुठ्ठ्याकडे बघायचो नाही.

शनिवारी सकाळी शेवटचं काडतूस भरून मी बाक झाडायला घेतला. तबकडीखालच्या खाचेत दारू सांडलेली होती, राखाडी दाण्यांची छोटी रास. मी ती कागदावर घेऊन तोलली. बरोबर एका काडतुसाची होती.

आता ती रास कशाचीही असू शकत होती. सकाळीच वरच्या नळकांड्यात दारू ओतताना हात हलला होता आणि थोडी सांडली होती, ती मी पुसली होती. नीट पुसली का? आठवेना. किंवा मग अडीचशेतल्या एका काडतुसात दारूच नव्हती. वजन करून कळायचं नाही, पुंगळ्या दहा कारखान्यांच्या, प्रत्येकीचं वजन वेगळं. काडतूस फोडून बघणं एवढाच मार्ग. मी काडतुसं फोडायची पोकळ डोक्याची हातोडी काढली, काडतूस तिच्यात अडकवलं आणि ठोकायला बसलो. ठोकलं की गोळी सुटते, दारू बाहेर पडते. एक झालं, दोन झाली. बावीस झाली. सगळ्यांत दारू होती.

दुपारचा एक वाजत आला होता, तेवढ्यात मिर्नाची गाडी दारात थांबली.

"बाबा, झालं ना? तीनच्या आत पंचांकडे नमुन्याची आठ वेग मोजायला द्यायचीत." मग तिला हातोडी दिसली. "हे काय काढलंत?"

"चार-दोन तपासतोय."

"तुम्ही? तुमचीच काडतुसं?" ती हसली. "ताप आहे का अंगात?"

तिथंच बोलायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. पण सांडलेल्या दारूबद्दल सांगायचं तर ती कशी सांडली ते सांगावं लागलं असतं, आणि माझा उजवा हात तर मी तेव्हाही मांडीखाली दाबून बसलो होतो.

"म्हातारपणाचे चाळे," मी म्हणालो. "जा घेऊन."

दोनशे अठ्ठावीस काडतुसांची पिशवी तिनं उचलली, माझ्या टकलावर ओठ टेकवले आणि गेली. मी उरलेला दिवस स्वतःला समजावत राहिलो की रास ओतताना सांडलेल्या दारूचीच होती. पण गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी सुटली तर नळी फुटते. आणि या पळत पळत, घड्याळाशी शर्यत लावून मारायच्या खेळात गोळी उडाली नाही तर विचार करायचा नाही, मुठीतल्या मॅगझिनला खालून थाप, वरची स्लाइड मागे, पुन्हा चाप, हे सगळं एका सेकंदात. हे तिच्या हातात मुरवलं कुणी? मीच. पंधरा वर्षं मागे उभा राहून ओरडत आलो, डोकं वापरू नकोस, हाताला करू दे.

रविवारी सकाळी जाळावर मांसाच्या फासळ्या चढल्या होत्या, माणसं 'माते' या आमच्याकडच्या कडू चहाचे घोट घेत उभी होती. मी ओस्मारला बाजूला घेतलं.

"आज मिर्नाच्या वेळी कान उघडे ठेव."

"माझे कान कायम उघडेच असतात. का?"

"असंच."

"एल्विओ, तू असंच कधी काही बोललायस का मला? तिला काही सांगायचंय का?"

"सांगण्यासारखं काही नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. मी जाळाकडे निघून गेलो.

पाचपैकी तीन फेऱ्या झाल्या आणि मिर्ना चौथ्या स्थानावर आली. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. चौथ्या फेरीत ती पहिल्या भिंतीआडून सुटली, प्रत्येक लक्ष्यावर दोन-दोन, दोन-दोन, पाय कुठं अडखळला नाही. तिसऱ्या खिडकीपाशी आवाज आला. आवाज कसला, बाटलीचं बूच निघावं तेवढाच. मला कळलं. सगळ्यांच्या आधी मला कळलं. तिचा हात मॅगझिनवर आपटला, स्लाइड मागे गेली, पुढे आली, पिस्तूल पुन्हा लक्ष्यावर.

"थांब!" ओस्मार ओरडला. "बोट बाहेर!"

ती थांबली. बोट चापावर पोचलं होतं. मी ते बघितलंय.

पंचानं उगाच थांबवलं असेल तर फेरी पुन्हा मिळते. नळीत गोळी सापडली तर नाही मिळत, जेवढं झालं तेवढंच धरतात. ओस्मारनं नळी सुटी करून उजेडाकडे धरली, तर आरपार काही दिसेना. पाच लक्ष्यं तशीच राहिली होती. पाचव्या फेरीत तिनं काहीही केलं असतं तरी सहाव्या जागेपर्यंत पोचता आलं नसतं, हे तिलाही कळत होतं आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना.

कँटीनच्या टेबलावर कुणीतरी सळई, हातोडी आणि नावासाठी रंग-ब्रश आणून ठेवला. सगळे जमले. नेहमी अशा वेळी टिंगल चालते. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"ही मी भरलेली," मिर्ना म्हणाली. "काल थोडी कमी पडली, मी घरी भरली."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सळईआधी ब्रश उचलला, रंगात बुडवला, फळीपाशी गेली. तिनं पहिलं अक्षर काढलं आणि मी गप्प होतो. दुसरं काढलं, तरी मी गप्प होतो. हे मी लपवत नाही. माझी एकेचाळीस वर्षं वाचत होती आणि मला ती वाचायला हवी होती.

मग ती वाकली, तेव्हा तिच्या उजव्या हाताची पाचही शाबूत बोटं मला दिसली, ब्रशभोवती.

"पूस ते," मी म्हणालो. "माझं आहे."

मी सळई नळीत घातली आणि हातोडी उचलली. पहिला घाव टेबलावर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. हात असा हलत होता की कुणीतरी मागून "अरे देवा" म्हणालं. सहाव्या घावाला गोळी टेबलावर पडली. मी नाव लिहिलं. लहान पोराच्या शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या अक्षरांसारखं आलं.

मिर्ना माझ्या हाताकडे बघत होती. "कधीपासून?"

"जुलै."

"थंडी म्हणाला होतात." मग ती थांबली. "काल हातोडी घेऊन बसला होतात. तुम्हाला माहीत होतं."

"दारू सांडलेली दिसली होती. खात्री नव्हती."

"खात्री नव्हती," ती म्हणाली. "बाबा, दीडशे काडतुसं भरायला मला तीन तास लागतात. काल दुपारी सांगितलं असतंत तर संध्याकाळी झाली असती. तीन तास." तिनं पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. "तुमची चूक मी माझ्या नावावर घेत होते. कालची दुपार कुणाच्या नावावर घालू?"

ती जेवायला थांबली नाही. ओस्मारनं मला घरी सोडलं.

मंगळवारी फोन आला नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती आली. आत येऊन उरलेली पिशवी बाकावर ओतली आणि हातोडी उचलली. एकशे पंचेचाळीस काडतुसं तिनं एकेक करून फोडली. मी डबा धरून समोर बसलो होतो, डबा थरथरत होता, ती त्यातच दारू ओतत होती. दोन तास लागले. एकशे पंचेचाळीसच्या एकशे पंचेचाळीसांत दारू होती, अगदी मापात.

शेवटी तिनं भिंतीवरचा पुठ्ठा काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग यंत्राचे चारही बोल्ट सोडवले आणि ते उचलून गाडीत नेऊन ठेवलं. मी अडवलं नाही. दारातून ती म्हणाली, "मंगळवारी साडेनऊला डॉक्टरकडे जायचंय. मी घ्यायला येते."

"फोन करशील?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "येतेच आहे ना."