पागोट्यातला अर्ज

आमच्या बाईसायबाले बढती भेटली का मलेच राग ये. अवो, लोक पेढे मांगत, ती पेढे वाटे, अन् सोता वरन-भात खाऊन झोपे. हास तरी, बाई! पन नाही.

बाई म्हंजे लाजवंती हिंगोरानी. सिंधातली. फाळनी झाली तवा मायले घेऊन निंगाली, माय कल्यानच्या कॅम्पात मेली. मंग ही परीक्षा पास झाली, अकोल्याले कचेरीत लागली, चढत चढत पंचावन साली वाशिमले एस.डी.ओ. होऊन आली. मोठमोठे पाटील तिच्यापुढं उभे राहत. मी तिची सैपाकीन, गोजराबाई. बायमानूस एकटं दौऱ्यावर कसं फिरन, म्हून मलेही जीपमंदी बसवत.

त्या साली किन्हीराजाजवयच्या गायरानावर सरकारचं बियान्याचं फारम होनार होतं. तिथं बंजाऱ्यायचा तांडा. हरकत असन तं लेखी अर्ज द्या, अमक्या तारखेले बाई सोता येतीन, तोच शेवटचा दिवस, अशी नोटीस लागली. अर्ज देल्ला तं तांडा वाचन, नाही तं उठन. एवढी साधी गोठ.

आमची जीप थांबली न थांबली, नायकाची बायको मोतीबाई धावत आली अन् बाईच्या गयात पडून मोठ्यानं रडू लागली. तिच्यामांगं आनखी चार बाया. शिपायानं काठी उचलली. मी त्याचा हात धरला.

"अरे येड्या, मारून नाही राह्यल्या! पावनी आली म्हून रडून राह्यल्या."

दुरून आलेल्या बाईले तांड्यात असंच भेटतात, गयात हात टाकून, सुरात रडून. बाईचं घरदार गेलं हे त्यायले कोनं तरी सांगतलं होतं. तुही माय कुठी राह्यली, दाराले कडी कोनं लावली, असं मोतीबाई रडता रडता इचारे. मी बाईले समजावून सांगतलं. बाईचे हात तसेच खाली. डोये कोरडे.

"झालं का?" बाई म्हने. मराठी तिची पुस्तकातली. मंग समद्यायले इचारलं, "कोणाला काही द्यायचं आहे?"

तीनदा इचारलं. लखीराम नायकाच्या पागोट्यातून कागदाचं टोक मले दिसून राह्यलं होतं. त्यानं हात जोडले. "काही नाही माय. जेवून जाय."

मी कपायाले हात लावला. गयात पडून रडलं का ते मानूस पावनं झालं, अन् पावन्यापाशी त्याच दिवशी काही मांगत नाहीत, ही तांड्याची रीत. उद्या वाशिमले जाऊन देऊ, असं त्याच्या मनात असन. पन नोटिशीत उद्या नव्हता ना!

वापस येतानी मी म्हनलं, "बाई, नायकाच्या पागोट्यात कागद होता."

"दिला का त्यानं?"

"नाही, पन..."

"मग नाही."

दुसऱ्या दिवशी लखीराम कचेरीत आला, तं कारकुनानं मुदत गेली म्हून दारातूनच हाकलला. मी घरी बाईसंग भांडली. पोयपाट आपटला. पालथ्या घड्यावर पानी!

"जागा सोडायला आठ दिवस दिले आहेत त्यांना, गोजराबाई," बाई म्हने. "आम्हाला दोन तास मिळाले होते."

भाजीत मीठ कमी आहे म्हनावं, तसं म्हनली. आठव्या दिवशी तांडा उठला अन् सडकेच्या कडेले पालं ठोकून राह्यला.

दोन महिन्यांनी नागपूरचा हुकूम आला. सचिवालयात मोठी जागा. परत पेढे. निंगायच्या दुपारी सामान जीपमंदी चढलं, तं लखीराम अन् मोतीबाई पायी पायी येतानी दिसले. शिव्या द्याले आले असतीन. मी मनात म्हनलं, द्या चांगल्या.

लखीरामनं पागोट्यातून कागद काढला. घामानं पार मऊ झाला होता.

"तवा तू पावनी होती, माय. आता घरची झाली. घे."

बाईनं उभ्यानं वाचला. खाली समद्या तांड्याचे आंगठे.

"मी काल चार्ज दिला," बाई म्हने. "आता मी इथली कोणी नाही."

तरी सवयीनं पेन काढला. कागदावर "मिळाला" असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली. तिले सही करतानी पाहून माह्या आंगाचा भडका झाला.

मोतीबाईले वाचता कुठी येते? सही झाली म्हंजे काम झालं, असं तिले वाटलं. तिनं बाईच्या गयात हात टाकले अन् रडू लागली. बहीन चालली, तिले रडल्याबिगर कसं धाडावं? बाई तशीच उभी, हातात तो कागद. मोतीबाईच्या खांद्यावरून माह्याकडे पाह्यलं.

"गोजराबाई, हे कसं करतात?"

"काय?"

"रडतात कसं?"

दोन महिने तिले सुनवाचं म्हून काय काय जमवून ठेवलं होतं मी. पन आता मी काय सांगू तिले? मी रडून राह्यली होती.