भोपळ्याचं नर फूल

होसकोट्याची आमची जमीन विकली, तिथे आता गोदाम आहे. त्या शेतातल्या लाल भोपळ्याच्या शेवटच्या बिया अक्कानं, म्हणजे माझ्या आत्यानं, जपल्या होत्या. यंदा त्या सगळ्या गच्चीवर कुंड्यांत पेरल्या, उगवली एकच. हा वेल फळला नाही तर तो भोपळा संपला. कायमचा!

आणि गच्चीवर मधमाशीच नाही. टाकीखालचं मोहोळ बिल्डिंगवाल्यांनी औषध मारून पाडलं. तेव्हापासून मादी फुलं यायची, मागचा बारका भोपळा पिवळा पडायचा, गळायचा.

"मग मीच होते मधमाशी!" मी म्हटलं. परागीभवनावर बोलून अख्ख्या वर्गाच्या टाळ्या घेतल्यात मी! नर फुलातले पराग मादी फुलाला लावायचे, बस्स.

"आधी अंथरूण उचल, मग मधमाशी हो," अक्का म्हणाली.

वेल खालून सुकत आला होता. रविवारी त्यावरचं शेवटचं मादी फूल उघडलं. मी ब्रश घेऊन नाचतच वर गेले. नर फूल एकही नाही!

"अक्का! बाकीची फुलं कुठायत?"

"देवाला वाहिली. रोजच वाहते. मागे भोपळा असलेल्याला हात नाही लावत हां मी. ही वांझोटी, नुसती गळतात."

"अगं, ती बाप आहेत भोपळ्याचे!"

"अय्यो!" अक्का ओरडली. तशीच देव्हाऱ्यापाशी गेली आणि "माफ कर रे बाबा" म्हणत देवावरचं फूल उचललं. पूजा झाल्यावर असं करताना तिला मी कधीच पाहिलं नव्हतं.

फूल ओलं होतं.

"धुतलंस?"

"न धुता देवाला कसं वाहायचं गं?"

परागांचा चिखल झाला होता. पाण्यानं पराग फुटतात, हे वर्गात मीच सांगितलं होतं. तरी लावले. बाळाला औषध पाजताना तोंड धरतात तसं अक्कानं ते मादी फूल धरलं.

"लागेल ना?"

"लागणार! शंभर टक्के!" मी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं.

चार-पाच दिवसांत तो बारका भोपळाही पिवळा पडला. मी नुसतं बोट लावलं, तर हातात आला. अक्कानं नखानं चिरून पाहिला. आत बी नव्हतंच.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे 'ठीक आहे'. "वेल काढ. कुंडी मोकळी कर."

"मी नाही काढणार."

मग तिनंच ओढला. मुळं सहज सुटून आली.