गुणी लेकरू

डबीच्या तळाशी एवढीशीच मशेरी उरली होती, काळी, करपट वासाची... मनुबाईने तिच्यात बोट बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. सकाळपासून पोटात काही हाललं नव्हतं. सकाळपासून, की काल दुपारी वखारीतून निघतानाच — तिने आठवायचा प्रयत्न केला, पण नक्की काही आठवेना.

आठवा महिना. निपाणीच्या त्या वखारीत ती तंबाखू चाळायला बसली, चाळण हलून खाट, तंबाखूचा झोंबरा धुरळा, उडाली, की पोटातलं बाळ खवळायचं, लाथांवर लाथा. शेजारी बसणारी अक्काताई हसायची, "बापावर गेलंय गं, एका जागी ठरत न्हाय!" मनूलाही गंमत वाटायची. कुणीतरी आपलं माणूस आतून भांडतंय... पण दिवसभर वाकून बसायचं, वर हे, जीव नकोसा व्हायचा. मग सासूने, नागुबाईने, उपाय सांगितला.

"मशेरी लाव की दोनदा जास्त. भूक मरती, पोटातलं बी गप पडतंय."

आणि खरंच गप पडलं! दात घासून होईतो लाथा थांबायच्या. दोनदाचं चारदा झालं, चारदाचं किती झालं ते मोजायचं तिने सोडून दिलं. किती शहाणं लेकरू माझं, म्हणायची ती मनाशी, पोटातनंच आईचं ऐकतंय.

"आत्ती, आज हाललं न्हाय."

चुलीपाशी भाकरी थापणारे नागुबाईचे हात थांबले नाहीत. "मग बरंच की गं. पयलं बी असंच गुणी हुतं न्हवं? शेवटाला काय सुदीक तरास दिला न्हाय तेनं."

पहिलं... दोन वर्षं झाली. न रडताच आलेलं, नवऱ्याने, परशरामाने, फडक्यात गुंडाळून ओढ्याकडे नेलेलं. तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला. बायका म्हणाल्या अवस बाधली, कुणी म्हणालं दृष्ट लागली, आणि मी मुकाट्याने लिंबं उतरून घेतली — तेव्हाही हीच डबी कनवटीला होती. अगं बाई गं! म्हणजे ते ऐकत नव्हतंच कधी. नको, नको म्हणत होतं, तेवढंच येत होतं त्याला, आणि मी गप केलं... दोघांनाही.

"आवर, मनू. वखारीचा भोंगा हुईल आता."

तिने बोट लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं. तळवा पोटावर दाबला. मार रं, मार लाथ, भांड माझ्याशी, काय पाहिजे ते कर. हाताखाली काहीतरी बारीक ठोकत होतं. ते त्याचं, की घाबरलेल्या आपल्याच जिवाचं, हे कळावं म्हणून तिने श्वास धरून ठेवला. डबी उघडीच होती. तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि या घटकेलाही तिला मशेरी हवीच होती.