सध्यापुरती जागा

भिंगरीनं घरी एक थाप मारून ठेवली होती. वरच्या शाळेत आपण डॉक्टरीणबाईंच्या मुलीशेजारी बसतो, असं तिनं आईला सांगितलं होतं. आई दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी असायची. तेवढं ऐकलं की तिचे पाय म्हणे दुखायचे थांबत. मग खरं सांगायचं तरी कसं?

खरं असं होतं की खालच्या वस्तीतली शाळा बंद झाली, तिथली मुलं वरच्या शाळेत आणली, आणि बाई म्हणाल्या, "सध्यापुरतं मागे बसा हं, पुढचे बाक भरलेत." वर्ष सरत आलं तरी ते सध्यापुरतं काही सरेना.

त्या दिवशी बाई भलत्याच हुरूपानं वर्गात आल्या. "पूर्वी काही मुलांना शाळेत वेगळं बसवायचे. का, सांगा पाहू?"

"डोकं फिरलं होतं त्यांचं!" मॉनिटर मुलगी ओरडली. "आम्ही असतो ना बाई, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो असतो!"

पुढच्या बाकांवर हो-होचा गलका झाला. मागच्या बाकांवरची मुलं माना उंचावून पुढे बघत होती.

"मग आज अनुभवूनच बघू," म्हणत बाईंनी पिशवीतून लाल-पांढऱ्या फिती काढल्या. डोळे मिटून एक उचलायची. लाल आली तर मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही; पांढरी आली तर पुढे.

मॉनिटरला लाल आली. भिंगरीला पांढरी! ती मॉनिटरच्या रिकाम्या जागेवर, थेट डॉक्टरीणबाईंच्या मुलीशेजारी जाऊन बसली. इथून फळा केवढा लख्ख दिसत होता!

"मॉनिटरचं तोंड बघ," शेजारीण कुजबुजली, "एरंडेल प्यायल्यासारखं."

"आणि वर चमचाही गिळल्यासारखं," भिंगरी म्हणाली.

शेजारीण फिस्सकन हसली. "अगं, तू इतकी गमतीदार आहेस?"

"मग! मागे येऊन विचारतंय कोण?"

शेजारणीनं न मागता आपलं खोडरबर तिच्यापुढे सरकवलं. "तू इथंच बस आता," ती म्हणाली. संध्याकाळी आईला काय काय सांगायचं, ते भिंगरीनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तेवढ्यात मागून मॉनिटरची मुसमुस ऐकू आली. "बाई, इथून काही दिसत नाही! पंख्याच्या खडखडाटात ऐकूही येत नाही! हा अन्याय आहे!"

"शाब्बास!" बाईंचे डोळे भरून आले. "हेच कळायला हवं होतं. संपला खेळ. फिती द्या आणि आपापल्या जागेवर जा."

मॉनिटर नाक पुसत आली. "ऊठ ना, माझी जागा आहे."

भिंगरीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण वहीचं पान उलटत होती, पुन्हा पुन्हा तेच पान.

"बाई, मी..."

"काय गं? फीत दिलीस ना?"

"दिली."

खोडरबर बाकावरच राहिलं. मागे पंखा खडखडत होता.

संध्याकाळी इस्त्रीनं पोळलेलं बोट फुंकत आईनं विचारलं, "आज काय शिकवलं?"

"पूर्वी मुलांना वेगळं बसवायचे, ते."

"अगंबाई, एवढ्याशा लेकरांना? मग तुझी ती मैत्रीण काय म्हणाली?"

भिंगरी वाकून बुटाची नाडी सोडवत राहिली. "म्हणाली, तू इथंच बस."

"गुणाची गं पोर," आई म्हणाली, आणि तिनं सुखानं पाय लांब केले.