ओल्या रंगावर डोळा नाही

श्रावणातल्या कोवळ्या उजेडात, ताज्या धारेच्या उबदार वासात मिसळलेला रंगाचा उग्र दर्प: माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनताई, मला आजही अशा गंधातून भेटतात. पहाटे त्यांचे हात गायीच्या सडांवर असत आणि दिवस चढला की तीच बोटे पेणजवळच्या हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत. अंगावरचा रंग पुरता सुकल्याखेरीज त्या कोणत्याच मूर्तीच्या डोळ्याला कुंचला लावत नसत. गिऱ्हाईक खोळंबो, मालक करवादो, त्यांची मान हलत नसे.

माझा मुलगा सहा महिन्यांचा झाला, पेज नि मऊ भात चाखू लागला, आणि मी रोह्याच्या कंपनीत पुन्हा शिफ्टला जाऊ लागले. मी काढून ठेवलेले अंगावरचे दूध ताई त्याला वाटीचमच्याने पाजत. गोठ्यात दुभती गाय असताना हा खटाटोप आळीला मानवेना. शेजारच्या काकी ओट्यावरून म्हणाल्या, "गावाला रतीब घालतेस नि पुतण्याला पेज? गाय आटल्यावर देशील काय गो?"

"गाय वासराची आय हाय, याची आय रोह्याला हाय," ताई शांतपणे म्हणाल्या. "वरीस भरल्याबिगर नाय. वल्या रंगाची मूर्त हाय ती."

त्या नकाराच्या तळाशी एक जुनी जखम होती. हंगामाच्या घाईत त्यांनी स्वतःच्या लेकीला चौथ्याच महिन्यात गायीच्या दुधावर टाकले होते, आणि रक्त आटून ती पोर चुन्यासारखी पांढरी पडली होती. डॉक्टरांनी तिला सावरले. ताईंनी स्वतःला क्षमा केली नाही.

चतुर्थी आठवड्यावर आली तेव्हा माझाच धीर सुटला. त्या सकाळी माझे दूध जेमतेम अर्धी वाटी निघाले. आजच्यापुरते गायीचे द्या, असे म्हणून मी गाडी गाठली. दुपारी कंपनीच्या फाटकाशी, गुलमोहराच्या सावलीत, पेणहून आलेल्या ताई बाळाला पदराखाली घेऊन बसल्या होत्या. बोटांवर काळा रंग तसाच होता, आणि मागे कारखान्यात मूर्तींच्या रांगा दृष्टीवाचून तिष्ठत होत्या.

"मालक रागावतील, ताई."

"रागावू दे. देवाला दम निघतो, पोराला नाय. घे, पाज त्याला."

चतुर्थीपर्यंत त्या रोज आल्या.

माघात वर्ष भरले. ताईंनी धार काढली, दूध उकळले, निववले, आणि डोळा आखताना धरत तसा श्वास रोखून पहिली वाटी त्याच्या ओठांना लावली.

आता ताई नाहीत. गोठाही रिता आहे. काकींची नातसून तान्ह्याला घेऊन गायीच्या दुधाचे विचारायला येते, आणि माझ्या तोंडून त्यांचेच शब्द निघतात: वरीस भरल्याबिगर नाय. काळ साऱ्या रंगांना सुकवतो म्हणतात. त्यांच्या आठवणीचा रंग मात्र अजून ओला आहे, आणि म्हणूनच या शब्दचित्राचे डोळे आखायला माझा हात धजत नाही.