चौथी ‘ब’चं रिकामं भांडं

चौथी ‘ब’चं भांडं आजही रिकामं परत आलं. मियोकोने ते काट्यावर ठेवून भांड्याचं वजन वजा केलं. शून्य. सलग अकरावा दिवस.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या त्या शाळेत ती एकोणीस वर्षं मुलांचं जेवण रांधत होती. प्रत्येक वर्गाचं भांडं भरून वर पाठवायचं आणि परत आल्यावर उरलेलं तोलायचं, हा नेम. सुकवलेला मुळा असला की बाकीच्या वर्गांतून निम्मा परत यायचा. ‘ब’मधून काडीही नाही.

“नक्की कुठेतरी ओततात.”

“अगं, मुलं खातात तर तुझ्या पोटात का दुखतं?” मदतनीस हात्सुए हसली.

“नऊ वर्षांची पोरं समुद्री शेवाळ चाटूनपुसून खातात? तुला तरी पटतं का?”

शुक्रवारी नगरपालिकेची माणसं येणार होती. हे स्वयंपाकघर बंद करून शहरातल्या मोठ्या कारखान्यातून जेवण आणायचं का, ते मियोकोच्या वजनांवरून ठरणार होतं. शून्य तिच्या फायद्याचंच होतं. पण ते खोटं असेल, तर एकोणीस वर्षं आपण रांधलं कोणासाठी?

तिने शाळेमागची झुडपं पाहिली. गटार पाहिलं. वर्गशिक्षक कुराहाशी अलीकडे सुटलेत का, तेही निरखून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

बुधवारी भोपळा शिजत होता. साखर आणि सोया सॉस पडायच्या आधीच तिने ‘ब’चं भांडं भरलं.

“हे गं काय?” हात्सुएने विचारलं.

“प्रयोग.”

“पोरांवर?”

मियोकोने भांड्यावर झाकण दाबून बसवलं. दुपारी भांडं आलं. रिकामं.

एप्रन आणि टोपी उतरवून ती तडक जिना चढली.

“भोपळा कुठे टाकलात?”

सगळा वर्ग दाराकडे वळला. कुराहाशी सेन्सेई खुर्चीतून अर्धवट उठले.

“टाकला नाही, खाल्ला,” पुढच्या बाकावरची कोहारु म्हणाली. “घाणेरडा होता.”

“मग खाल्लात कशाला?”

“उरला असता तर तुम्ही वजन लिहिलं असतं. मग कारखान्यातलं जेवण येणार. माझ्या मावसबहिणीच्या शाळेत तेच येतं. सूप गार असतं, आणि ते कोणी केलं हेसुद्धा तिला माहीत नाही.”

“म्हणजे रोज माझ्यासाठी गिळता?”

“छे! फक्त मुळा. आणि शेवाळ. बाकीच्यावर मारामारी होते. सेन्सेईंनासुद्धा दुसऱ्यांदा मिळत नाही.”

सेन्सेईंनी पडल्या चेहऱ्याने मान डोलावली.

मियोको कमरेत वाकली. “आज चूक झाली नव्हती. मी मुद्दाम अळणी पाठवला. माफ करा.”

“मुद्दाम?” खिडकीजवळचा तोमा किंचाळला. “अहो, मी दोनदा घेतला!”

एकच गिल्ला झाला. तो ओसरेपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली. मग तिने विचारलं, “मुळा कसा केला तर गिळावा लागणार नाही?”

“करूच नका!” मागून कोणीतरी ओरडलं.

“तळा,” कोहारु म्हणाली. “वरून तीळ. आणि शुक्रवारच्या आत करा.”